हिरव्या पडद्याची कुळकथा



जत्रेतल्या फोटोवाल्याचा पाल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आत एक रंगवलेला पडदा टांगलेला असे. त्यावर ताजमहाल, नाहीतर पौर्णिमेचा चंद्र, नाहीतर कमळांनी भरलेलं तळं. पुढे पुठ्ठ्याचं विमान. नवी जोडपी त्या विमानात बसत, फोटोवाला "हलू नका" म्हणे, आणि पुढच्या बाजाराला फोटो हातात पडे. ज्यानं तालुक्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तो माणूस विमानात बसलेला! घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली गंमत कळे. तरी चौकट भिंतीवर मानानं लागे.

तीच हौस आज मोबाईल फोनमध्ये उतरली आहे. आता पडद्यावर चित्र रंगवावं लागत नाही, एवढाच काय तो फरक. पाठीमागे साधं हिरवं कापड लावायचं, त्याच्यापुढे उभं राहून चित्रण करायचं, आणि मग फोनला सांगायचं, "जिथे जिथे हिरवं दिसेल तिथलं ते काढून टाक आणि मी दिलेलं दुसरं चित्र तिथे बसव." फोनवरच्या संपादनाच्या ॲपमध्ये ही सोय 'क्रोमा की' या नावानं असते. क्रोमा म्हणजे रंग आणि की म्हणजे किल्ली. रंगाची किल्ली फिरवली की पाठीमागचं दार उघडतं, असं समजा.

पण फोन सांगितलेलं काम अक्षरशः करतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

२०२० सालच्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या, तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी फोनवर धडे चित्रित करून मुलांना पाठवायला सुरुवात केली. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी जलचक्राचा धडा असाच तयार केला. पडवीत हिरवी चादर लावली, पाठीमागे समुद्र, ढग आणि डोंगर बसवले, आणि मोठ्या उत्साहानं धडा घरोघर धाडला. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. "बाई, आमची धाकटी घाबरलीय. तुमचा हात तुटलाय म्हणते." बाईंनी धडा पुन्हा लावून पाहिला. ढगाकडे बोट दाखवताना त्यांचा हात मनगटापाशी खरोखरच तुटत होता. पंजा एकीकडे, कोपर एकीकडे, आणि मधून समुद्र दिसत होता! कारण साधं होतं. बाईंच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. शिवाय केसांभोवती हिरवट कड, गालावर हिरवी झाक, आणि कोपऱ्यात चादरीच्या चुण्या तशाच राहिलेल्या. मोठी मुलं हसली. बाईंनी चादर घडी करून पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "हे स्टुडिओवाल्यांचं काम. आपल्यासारख्यांचं नव्हे."

बाईंच्या या बोलण्याला उत्तर द्यावं, म्हणूनच हा लेख. तुटलेला हात, हिरवी कड, उरलेली चुणी यांपैकी एकही दोष त्या बाईंनी नव्यानं केलेला नव्हता. हे दोष सव्वाशे वर्षांचे जुने आहेत. ज्यांच्यापाशी लाखोंनी पैसा आणि शेकड्यांनी माणसं होती, त्यांनाही हेच दोष आले. त्यांनी जे उपाय शोधले, त्यांतले पुष्कळसे कापड, दिवा आणि अंतर एवढ्यांतच सामावलेले आहेत. ती कुळकथा एकदा कळली, की फोनमधल्या कळा समजायला वेळ लागत नाही.

कथेची सुरुवात हिरव्यापासून होत नाही, काळ्यापासून होते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार होता. पॅरिसमध्ये त्याचं स्वतःचं जादूच्या प्रयोगांचं नाट्यगृह होतं. चलच्चित्र जन्माला आलं, तेव्हा हे आपल्याच धंद्याचं यंत्र आहे हे त्यानं ओळखलं. १८९८ साली त्यानं एक इवलासा मूकपट काढला. त्यात एक गृहस्थ आपलं डोकं उतरवून टेबलावर ठेवतो. खांद्यावर दुसरं डोकं उगवतं. तेही काढून ठेवतो. असं करता करता तीन डोकी टेबलांवर आणि चौथं खांद्यावर!

ही किमया कशी साधली असेल? फिल्मची पट्टी म्हणजे उजेडाची नोंदवही. जिथून उजेड येतो तिथे नोंद होते, जिथून येत नाही तिथे पान कोरं राहतं. काळ्या मखमलीवरून उजेड जवळजवळ परततच नाही. म्हणून मेलिएसनं पाठीमागचा भाग काळा ठेवला. एकदा चित्रण झालं की पट्टी मागे गुंडाळली आणि कोऱ्या राहिलेल्या जागी दुसरं चित्रण केलं. आपल्या बायका रांगोळीचा छाप वापरतात, त्याची इथे आठवण करा. छापाला जिथे भोक, तिथे रांगोळी पडते. जिथे झाकण, तिथे जमीन कोरी राहते आणि मागाहून दुसरा रंग भरता येतो. पाठीमागचं चित्र बदलण्याची सगळी विद्या म्हणजे कुठे झाकायचं आणि कुठे उघडं ठेवायचं, याची विद्या आहे.

आपल्याकडे ही चमत्काराची वाट दादासाहेब फाळक्यांनी धरली. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, छपाईच्या धंद्यात राहिले, आणि जादूचे प्रयोगही करीत. त्यांनी आपला हात बसवला तो एका रोपट्यावर. वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळानं टिपून त्यांनी अंकुर पडद्यावर भराभर वाढताना दाखवला. त्यानंतर १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र', १९१७ साली 'लंकादहन' आणि १९१९ साली 'कालियामर्दन' हे त्यांचे मूकपट आले. देव प्रकट होणं, अंतर्धान पावणं हे सगळं त्यांनी कॅमेरा मध्येच थांबवून आणि एकाच पट्टीवर दोनदा चित्रण करून साधलं. या कामी पहिली अट एकच असे. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. हलला, की पहिल्या आणि दुसऱ्या चित्राची सांगड तुटली.

फोनसाठी पहिला धडा इथेच मिळतो. फोन हातात धरून चित्रण करू नका. तिकाटणं नसेल तर खुर्चीवर पुस्तकांची चळत रचा आणि तिच्या आधारानं फोन उभा करा. हातातला फोन डुलतो, पाठीमागे बसवलेला डोंगर मात्र जागचा हलत नाही. मग डोंगर स्थिर आणि गुरुजी होडीत बसल्यासारखे, असं विचित्र दृश्य दिसतं.

काळ्या पडद्याला एक मोठं वैगुण्य होतं. काळ्यावर काळं हरवतं. नटाचे काळे केस, काळा कोट, अंगावरची गडद सावली, सगळं पाठीमागच्या काळोखात विरघळून जाई. बाईंच्या बांगड्यांची ही आजीच म्हणा ना! पण हुशार माणसं दोषाचाही उपयोग करतात. १९३३ साली अमेरिकेत 'द इनव्हिजिबल मॅन', म्हणजे अदृश्य माणूस, या नावाचा बोलपट निघाला. त्यातल्या चमत्कारांची जबाबदारी जॉन फुल्टन यांच्याकडे होती. त्यांनी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळी मखमल घातली, वरून साधे कपडे चढवले आणि काळ्या मखमलीपुढे उभं केलं. मखमलीवर मखमल हरवली आणि नुसता सदरा चालू लागला! जे बाईंच्या पडवीत नकळत घडलं, ते फुल्टननी मुद्दाम घडवलं आणि लोकांनी तिकिटं काढून पाहिलं.

दरम्यान दुसरी एक अडचण सोडवली जात होती. १९०३ साली एडविन पोर्टर यांच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' या अमेरिकन मूकपटात तारघराच्या खिडकीतून बाहेर आगगाडी येताना दिसते. खिडकीचा भाग आधी झाकून ठेवून मागाहून तिथे गाडीचं चित्र उतरवलं होतं. पण अशा झाकणाची चौकट ठरलेली. माणूस ती ओलांडून गेला की कापला जाणार. माणूस चालेल तसं त्याच्याबरोबर चालणारं झाकण हवं होतं. १९१८ साली फ्रँक विल्यम्स यांनी अशा चालत्या झाकणाचं पेटंट घेतलं. नटाचंच चित्र अतिशय गडद छापून त्याची सावलीसारखी आकृती बनवायची आणि तीच झाकण म्हणून वापरायची, अशी ती युक्ती. कल्पना चोख होती, पण कडा खडबडीत येत, आणि बारीक तपशील हरवत.

मग रंगीत चित्रपट आले, आणि इथे कथेला नवं वळण मिळालं. काळं आणि पांढरं यांऐवजी रंगावरूनच माणूस ओळखता आला तर? १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात लॉरेन्स बटलर यांनी हे करून दाखवलं. त्यातला बाटलीतला राक्षस आणि आकाशातली उड्डाणं त्या काळी लोकांनी डोळे विस्फारून पाहिली. यात आपल्या कौतुकाची एक गोष्ट आहे. त्या राक्षसाशी सामना करणारा पोरगा साबू हा म्हैसूरकडचा, माहुताचा मुलगा. त्याला पाठीमागच्या निळ्या पडद्यापुढे उभं करून अद्भुताच्या राज्यात नेऊन बसवलं होतं.

त्या वेळच्या रंगीत कॅमेऱ्यात तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी तीन वेगळ्या पट्ट्या असत. निळ्या पट्टीवर पडदा लखलखीत उमटे, तांबड्या पट्टीवर तोच पडदा काळाकुट्ट. दोहोंची तुलना केली की पडदा कुठे आणि माणूस कुठे, हे कळे. त्यावरून झाकण तयार होई. पण निळाच का? कारण माणसाच्या कातडीत निळा रंग सगळ्यांत कमी आणि तांबडा सगळ्यांत जास्त. गोरा असो, गव्हाळ असो की सावळा, हा नियम सगळ्यांना लागू आहे. म्हणजे पडद्याचा रंग कापडाच्या दुकानात ठरत नाही. समोर उभ्या राहणाऱ्याच्या अंगावर जो रंग नाही, तो पडद्याचा रंग.

गुरुजनहो, हा प्रश्न प्रत्येक चित्रणाआधी स्वतःला विचारा. बाईंच्या हातांत हिरवा चुडा असेल, अंगावर हिरवी साडी असेल, तर निळं कापड लावा. चुडा उतरवायचं काही कारण नाही. कापड बदलणं सोपं आहे. मुलांचा गणवेश निळा असेल, तर हिरवं लावा. वनस्पतीचा धडा असेल आणि हातात पिंपळाचं पान असेल, तर हिरव्या पडद्यापुढे ते पान नाहीसं होईल, म्हणून पुन्हा निळं. किल्लीसाठी कोणता रंग घ्यायचा हे बहुतेक ॲपमध्ये पडद्यावर बोट ठेवून निवडता येतं. हिरव्याचीच सक्ती नाही. चकचकीत वस्तूंपासूनही सावध राहा. स्टीलचा पेला पडद्याचं प्रतिबिंब अंगावर घेतो आणि पेल्याला भोक पडतं. असा पेला थोडा वळवून धरा, नाहीतर मातीचा घ्या.

बटलर यांच्या निळ्या पडद्यानं काम भागलं, पण माणसांभोवती एक निळसर कड राहिली. जुने चित्रपट नीट पाहिले तर ती आजही दिसते. ही कड दोन कारणांनी येते. पहिलं कारण आपण लग्नाच्या मांडवात रोज पाहतो. लाल कापडाच्या मांडवाखाली बसलेल्यांचे चेहरे लाल दिसतात, कारण कापडाचा रंग उजेडाबरोबर खाली सांडतो. तसा पडद्याचा रंग माणसाच्या खांद्यावर, केसांवर, गालांवर सांडतो. दुसरं कारण म्हणजे केसाच्या टोकाला, बोटाच्या कडेला माणूस आणि पडदा यांचं मिश्रणच असतं. तो ठिपका ना पूर्ण माणसाचा, ना पूर्ण पडद्याचा.

पहिल्या कारणावर उपाय अंतराचा. माणूस कापडाला टेकून उभा असेल तर रंग सांडणारच. पाच-सहा फूट पुढे उभे राहा. त्यानं आणखी एक लाभ होतो. तुमची सावली कापडावर पडत नाही. सावली पडलेलं हिरवं हे फोनच्या दृष्टीनं वेगळंच हिरवं. ते तो ओळखत नाही, आणि पाठीमागच्या समुद्रात एक काळपट ढग तरंगत राहतो. चुण्यांचंही तेच. चुणी म्हणजे लहानशी सावलीच. म्हणून कापड इस्त्री करा, चारही कोपरे ताणून बांधा, आणि त्यावर सगळीकडे सारखा उजेड पडेल असं पाहा. आपल्याकडे यासाठी उत्तम जागा म्हणजे ऊन थेट न येणारी, पण उजेडानं भरलेली पडवी. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास असा मऊ, सारखा उजेड फुकट मिळतो. कवडसे पडत असतील तर जागा बदला. रात्री काम करायचं झाल्यास एक दिवा माणसासाठी आणि दोन कापडासाठी, दोन्ही बाजूंनी, असे लावा. एकाच दिव्यावर दोन्ही कामं ढकलू नका.

दुसऱ्या कारणावर, म्हणजे केसांच्या आणि विरळ वस्तूंच्या मिश्र कडांवर, उपाय सापडायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली. त्यात पेट्रो व्लाहोस या अमेरिकन अभियंत्याचा वाटा फार मोठा. त्यांच्या कामाच्या दोन वाटा होत्या. एक फार सुंदर, पण बंद पडली. दुसरी साधी, आणि ती आज आपल्या खिशात आहे.

सुंदर वाट विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते, हा प्रयोग तुम्ही वर्गात केला असेल. तो पिवळा प्रकाश मिठातल्या सोडियमचा. त्याची तरंगलांबी ठरलेली, सुमारे ५८९ नॅनोमीटर. पांढरा पडदा या सोडियमच्या दिव्यांनी उजळायचा, नटाला साध्या दिव्यांनी, आणि कॅमेऱ्यात एक खास लोलक बसवायचा. लोलक नेमका तेवढाच पिवळा प्रकाश वेगळ्या पट्टीवर पाठवी आणि बाकीचे सगळे रंग नेहमीच्या पट्टीवर. चित्र आणि झाकण एकाच क्षणी तयार! १९६४ साली आलेल्या वॉल्ट डिस्नेच्या 'मेरी पॉपिन्स' या चित्रपटात हीच पद्धत वापरली होती. नायिकेच्या टोपीवरची विरळ जाळीसुद्धा तीत स्वच्छ उतरली. या कामासाठी व्लाहोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. परंतु तो लोलक घडवणं फार अवघड होतं. असे लोलक हवे तितके मिळेनात, आणि ती पद्धत एका स्टुडिओच्या दारातच राहिली. एकाच घरात असलेल्या गुणकारी औषधासारखी तिची गत झाली.

दुसरी वाट व्लाहोस यांनी १९५९ सालच्या 'बेन-हर' या चित्रपटाच्या निमित्तानं काढली होती. त्यांनी निराळा प्रश्न विचारला. "हा ठिपका निळा आहे की नाही?" असं न विचारता, "या ठिपक्यात निळा रंग हिरव्यापेक्षा किती जास्त आहे?" असं विचारलं. बहुतेक वस्तूंत निळ्याचं प्रमाण हिरव्याहून फारसं जास्त नसतं. पडद्यात मात्र ते पुष्कळ जास्त असतं. फरक जितका मोठा, तितका पडदा. फरक शून्य, तर सगळा माणूस. फरक मधलाच, तर थोडा पडदा आणि थोडा माणूस. म्हणजे केस, धूर, काच, पातळ पदर यांना अर्धवट पारदर्शक ठेवता येऊ लागलं. होय-नाही या उत्तराच्या जागी किती हे उत्तर आलं आणि कडा मऊ झाल्या. शिवाय जिथे निळा गरजेपेक्षा जास्त दिसतो, तिथे तो हिरव्याच्या पातळीपर्यंत खाली आणायचा, म्हणजे सांडलेला रंगही पुसला जातो.

तुमच्या फोनमधल्या सरकपट्ट्या म्हणजे याच हिशेबाचे वंशज आहेत. एक पट्टी सांगते, फरक किती झाला की पडदा समजायचा. दुसरी सांगते, कड किती मऊ ठेवायची. काही ॲपमध्ये तिसरी असते, ती सांडलेला रंग पुसते. नवशिके चूक करतात ती पहिल्या पट्टीत. थोडं हिरवं उरलं की ती शेवटापर्यंत ओढतात, आणि मग कान, बोटं, चष्म्याची काडी खाल्ली जाते. तसं करू नका. पट्टी शून्यापासून हळूहळू वाढवा. कापड नाहीसं झालं की तिथेच थांबा. मग कड अगदी थोडी मऊ करा. एवढ्यानंही चुणी उरत असेल, तर फोनशी झटापट न करता कापडाकडे परत जा. दहा मिनिटांची इस्त्री ही दोन तासांच्या संपादनापेक्षा स्वस्त पडते.

आता निळ्याचं हिरवं कसं झालं, ते सांगायला हवं. दूरदर्शन संचावर हवामान सांगणारा माणूस नकाशापुढे उभा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्यामागे कोरा पडदा असतो आणि नकाशा तो बाजूच्या संचात पाहून बोट दाखवतो. दूरचित्रवाणीतही आधी निळा पडदा फार चाले. पुढे फिल्मची पट्टी जाऊन तिच्या जागी प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म घरांची जाळी आली. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेल्या रचनेत दर चार घरांपैकी दोन हिरव्यासाठी, एक तांबड्यासाठी आणि एक निळ्यासाठी असतं. आपला डोळाही हिरव्या उजेडाला जास्त जागा असतो, म्हणून ही वाटणी. आजच्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यांत हीच वाटणी आहे. म्हणजे फोनला हिरवा रंग सगळ्यांत स्पष्ट कळतो. शिवाय हिरवं कापड उजळ असतं, त्याला दिवे कमी लागतात. म्हणून हिरव्याचं राज्य आलं. उजळ असल्यामुळेच ते सांडतंही जास्त, हे मात्र ध्यानात ठेवा.

फोनची म्हणून एक खास खोड आहे, तीही सांगतो. चित्रणाची फाईल फार मोठी होऊ नये म्हणून फोन काटकसर करतो. उजेडाची नोंद तो प्रत्येक ठिपक्याची ठेवतो, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकच. खानेसुमारीत माणसागणिक नाव न लिहिता घरागणिक एकच नाव लिहावं, तसं हे झालं. नुसतं पाहताना ही काटकसर डोळ्यांना कळत नाही. पण आपण तर रंगावरूनच माणूस कापणार! मग कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. यावर उपाय असे. चित्रण फोनच्या सगळ्यांत चांगल्या प्रतीवर करा. बोटांनी ओढून मोठं करू नका, फोनच जवळ न्या. उजेड भरपूर ठेवा, कारण अंधारात फोन ठिपक्यांचा गोंधळ करतो आणि हलणारा हात पुसट उमटतो. आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर संदेशाच्या ॲपमधून पाठवलेलं चित्रण कापायला घेऊ नका. वाटेत ते आणखी दाबलेलं असतं. मूळ फाईलच घ्या.

दुसरी खोड म्हणजे फोनची आगाऊ हुशारी. तुम्ही जरा हललात की तो उजेड आणि रंग आपणहून बदलतो. मग सुरुवातीचं हिरवं वेगळं आणि शेवटचं वेगळं, आणि एकच किल्ली दोन्ही कुलपांना लागत नाही. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून धरलं की उजेड आणि फोकस जागच्या जागी बांधला जातो. चित्रण सुरू करण्याआधी तेवढं करा.

संपादन करताना क्रमही चुकतो. पाठीमागचं चित्र खालच्या थरात ठेवा, माणसाचं चित्रण वरच्या थरात, आणि किल्ली लावा ती वरच्या थराला. उलटं केलं तर काहीच घडत नाही, आणि माणूस ॲपला बोल लावतो. शेवटी उजेडाची दिशा पाहा. समुद्रावरचं ऊन डावीकडून येत असेल आणि तुमच्या चेहऱ्यावर उजवीकडून, तर कड कितीही स्वच्छ असली तरी पाहणाऱ्याच्या मनाला ते खटकतं.

ही शेवटची गोष्ट मुलांना अवश्य शिकवा. जत्रेतल्या फोटोतली गंमत घरात सगळ्यांना ठाऊक असे, कारण तो रंगवलेला पडदा प्रत्येकानं पाहिलेला असे. आज फोनवर येणाऱ्या चित्रांतला पडदा कुणालाच दिसत नाही. माणूस न गेलेल्या ठिकाणी गेलेला दिसतो, आणि मुलं, मोठीही, ते खरं धरून चालतात. ज्या मुलानं स्वतः कापड ताणलं आहे, कडेची हिरवट रेघ पाहिली आहे, ते मूल दुसऱ्या कुणाचं असं चित्र पाहताना विचारेल, "याची सावली कुठे आहे? ऊन कुठल्या बाजूनं आहे?" हा प्रश्न विचारता येणं ही आजच्या काळातली साक्षरताच आहे.

त्या शिक्षिकाबाईंचं पुढे काय झालं, ते सांगून संपवतो. शाळा पुन्हा भरल्यावर त्यांनी पेटीतली चादर तशीच ठेवली आणि एक निळं कापड आणलं. चुडा हातातच राहिला. पण धडा सुरू करण्याआधी त्यांनी ते कापड वर्गाच्या भिंतीपासून सहा फुटांवर रेघ मारून मुलांना दाखवलं, आणि जी धाकटी घाबरली होती तिलाच पुढे बोलावून तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. आधी हिरव्या चादरीपुढे, मग निळ्या कापडापुढे. पहिल्या चित्रणात मुलीचा हात तुटला, दुसऱ्यात जुळला. वर्ग खदखदून हसला, आणि या वेळी ती मुलगीही हसली.

तुमच्याही शाळेत हे करून पाहा. एक कापड, एक पडवी, सकाळचा उजेड आणि सहा फूट जागा. बाकी फोन पाहून घेईल.